रोज दोन भाकऱ्या

भाकरी पाहून येत नाही, करूनच येते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण शिकताना रोज किती करायच्या, याचा विचार सहसा कोणी करत नाही. माझे माहेर अक्कलकोटचे, सासर अफजलपूरचे. माहेरी भाकरी, इथे रोट्टी. पीठ मात्र तेच, शाळूचे.

आमच्या धाकट्याला नोकरीसाठी बेंगळुरूला जायचे होते. हातात एक महिना होता. बाहेरचे खाणे त्याला सोसत नाही, म्हणून तो स्वतःच म्हणाला, "आई, मला भाकरी शिकव." पहिल्याच रविवारी सलग पंधरा थापायचा त्याचा बेत होता. सासूबाईंनी अडवले. "दिना एरडु साकु," त्या म्हणाल्या. रोज दोनच, पण रोज.

आठवडा झाला तरी भाकरीच्या कडा चिरत, उचलताना ती तुटे. "अज्जी, असे दोन-दोन करून मला कधी येणार?" म्हणत तो एके दिवशी परातीवरून उठलाच. तेव्हा मी त्याला वाचलेली एक गोष्ट सांगितली. ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवताना बॅडली आणि लाँगमन या अभ्यासकांनी त्यांचे चार गट केले. काहींना रोज एकच तास, तर काहींना दोन-दोन तास दिवसातून दोनदा सराव दिला. हा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज एक तास बसणारे सर्वांत कमी तासांत शिकले. दिवस जास्त लागले, म्हणून सर्वांत नाराजही तेच होते! हात शिकलेले पक्के व्हायला मधला वेळ लागतो. त्यात झोपेचाही वाटा असतो, असे अभ्यासक मानतात. धाकटा हसला आणि पुन्हा परातीशी बसला.

हात थोडा बसल्यावर सासूबाईंनी दुसरी गंमत सुरू केली. एक दिवस ताजे पीठ, एक दिवस विरी गेलेले जुने. एक भाकरी लहान, दुसरी मोठी. कधी गॅस, कधी चूल. जमलेली भाकरी पुन्हा बिघडू लागली. पण तेही उगीच नव्हते. १९७८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या केर आणि बूथ यांच्या प्रयोगात काही मुलांनी ३ फुटांवर छोटी पिशवी टाकण्याचा सराव केला, तर काहींनी २ आणि ४ फुटांवर. परीक्षा ३ फुटांची होती. आठ वर्षांच्या मुलांत सरस ठरली ती ३ फुटांवर कधीच सराव न केलेली! हाताला बदल सोसायची सवय लागली होती.

आता बेंगळुरूला दुकानातले पीठ वेगळे, तवा वेगळा. तरी त्याची भाकरी फुगते आणि पापुद्रा सुटतो.

अगदी नवख्याला सुरुवातीचे काही दिवस एकच गोष्ट, एकाच पद्धतीने करू द्यावी. पुढे मात्र सराव थोडा, रोजचा आणि बदलता असावा. मग ती भाकरी असो, तबला असो की टायपिंग. आणि मैत्रिणींनो, शिकणाऱ्याची परीक्षा त्याच संध्याकाळी घेऊ नका. मध्ये आठवडाभर जाऊ द्या. तेव्हा हातात जे उरले असेल, तेच खरे शिकलेले.