आमचे पहिले इंग्रजी पत्र

साठी उलटलेल्या मनुष्याने शिकवावे, शिकू नये, असा एक अलिखित नियम आपल्या घरांतून रूढ आहे. आजोबा पाटी घेऊन बसले, तर नातवंडांस गंमत वाटते आणि आजोबांस संकोच. हा संकोच आम्ही गेल्या वर्षी पुरेपूर अनुभवला. जन्मभर शाळेत संस्कृत व मराठी शिकविले, दुसऱ्यांच्या वह्यांवर तांबड्या शाईने रेघा ओढल्या, आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी आम्हांस एक साधे इंग्रजी पत्र लिहिता येईना! ही गोष्ट कबूल करावयास थोडे धैर्य लागते. ते गोळा करून हा लेख लिहीत आहोत.

आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तेवढ्यावर वाचन निभावते. वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरील सूचना, फार तर एखादे चरित्र. लिहिण्याची पाळी मात्र आम्ही स्वतःवर कधी येऊच दिली नाही, कारण घरात दादा होते. आमचे हे वडील बंधू पुण्याच्या हवामान खात्यात नोकरीस होते आणि त्यांचे इंग्रजी उत्तम होते. बँकेचा अर्ज असो की मुलाच्या प्रवेशाचे पत्र असो, आम्ही ‘दादा, एवढे लिहून द्या’ म्हणावे आणि त्यांनी लिहून द्यावे, असा चाळीस वर्षांचा परिपाठ. एकत्र कुटुंबात एकाचा गुण सर्वांच्या कामी येतो हे खरे. पण त्याच गुणाच्या आड दुसऱ्याचे उणे सुखाने झाकून राहते, हेही तितकेच खरे.

एडिंबरा येथील एका वृद्ध गृहस्थांशी दादांचा तीस वर्षे पत्रव्यवहार होता. दोघांसही पावसाचे वेड. जून महिन्यात पुण्यास मोसमी पाऊस लागला, की दादा ती वार्ता स्वहस्ते लिहून टपालाने त्यांस कळवीत. गेल्या कार्तिकात दादा गेले. मुलाने दोन ओळींत तसे कळविले, आणि महिन्याभराने त्या गृहस्थांचे सांत्वनाचे चार पानी पत्र आले. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, याचे उत्तर तुम्ही लिहा. घरात आता वडील तुम्ही.” आम्ही ‘बरे’ म्हणालो आणि पत्र मेजाच्या खणात ठेवले. ते तेथे सहा महिने राहिले.

धाकट्या नातवाने मार्ग सुचविला. तो म्हणाला, “आजोबा, मराठीत सांगा, यंत्र दोन मिनिटांत इंग्रजी करून देईल.” तसे करूनही पाहिले. पत्र निर्दोष होते. पण ते कोणाच्याही भावाविषयी कोणालाही पाठविता आले असते. आम्ही तो कागद बाजूस सारला आणि स्वतः लेखणी घेतली.

पहिले वाक्य मनात संस्कृतात तयार होई, त्याचे मराठी होई, आणि मराठीचे इंग्रजी होता होता ते वाटेतच आडवे पडे. त्यात वर्णरचनेची भीती. देवनागरीत वाढलेल्या मनुष्यास अक्षर लिहावे आणि उच्चारू नये, हा मोठा अन्याय वाटतो. ‘नाइट’ म्हणजे सरदार. त्याच्या आरंभी ‘के’ लिहावयाचा, पण तोंडावाटे काढावयाचा नाही! पुढे वाचनात आले, की या ‘के’चा उच्चार एके काळी खरोखरच होत असे. कॅक्स्टनने इंग्लंडात १४७६ साली छापखाना काढला. छापण्यामुळे लिहिण्याची रीत हळूहळू स्थिर होत गेली. बोलणे मात्र बदलत राहिले. १७५५ साली जॉन्सनचा कोश निघाला, तोवर दोहोंत पुष्कळ अंतर पडले होते. हे वाचून आम्हांस वडिलांची जुनी पत्रे आठवली. त्यांत ‘केलें’, ‘नाहीं’, ‘तेव्हां’ असे अनुस्वार सर्वत्र असत आणि त्यांचा उच्चार आमच्या घरी कोणीही करीत नसे. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी ते गेले. म्हणजे मुकी अक्षरे आमच्याही घरात नांदून गेली होती. परक्याच्या घरची तेवढी आम्हांस खटकत होती.

विश्रामबागवाड्यावरून आमचे नित्य जाणे-येणे आहे. पेशवाई बुडाल्यानंतर १८२१ साली इंग्रज सरकारने याच वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. त्या पाठशाळेत शिकून कृष्णशास्त्री चिपळूणकर शास्त्री झाले आणि त्यानंतर इंग्रजीकडे वळले. ज्याने मोठमोठे ग्रंथ लावले, त्याने पुन्हा परभाषेची मुळाक्षरे गिरवावयाची! त्याच इंग्रजीच्या बळावर त्यांनी पुढे अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणल्या. रमाबाई रानडे १८७३ साली विवाह होऊन सासरी आल्या, तेव्हा त्यांस लिहिता-वाचताही येत नव्हते. पतीच्या आग्रहाने त्या मराठी व पुढे इंग्रजी शिकल्या. त्यापायी घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांनी किती सोसला, हे त्यांच्या १९१० साली निघालेल्या आठवणींत वाचावयास मिळते. आमच्यावर कोण रागावणार होते? आमच्या वाटेत आमच्या अभिमानाखेरीज दुसरे कोणीच उभे नव्हते.

अखेर एका संध्याकाळी आम्ही वही घेऊन दादांच्या सुनेपुढे बसलो. ती इंग्रजी शिकविते. आम्ही तांबडी शाई पुढे केली. तिने ती न घेता शिसपेन्सिल घेतली. म्हणाली, “काका, पेन्सिलीचे पुसता येते.” पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे आम्हांस सुचले नव्हते.

आमच्या मनात वाक्य होते, ‘तुमच्या पत्राची माझा भाऊ वाट पाहत असे.’ आम्ही शब्दांमागे शब्द मांडून लिहिले, ‘युअर लेटर वेटेड फॉर माय ब्रदर.’ सूनबाई प्रथम हसली. म्हणाली, “काका, इथे तर पत्रच भावाची वाट पाहते आहे!” आणि मग ती गप्प झाली. आम्हीही गप्प झालो. कारण दादा गेल्यानंतर आलेले ते पत्र खणात पडून होते, आणि ते खरोखर कोणाची तरी वाट पाहत होते.

चूक कोठे झाली, हे नंतर ध्यानात आले. ‘तव पत्रं मम भ्राता प्रत्यैक्षत’ यातील शब्द कसेही फिरवा. कर्ता तो कर्ताच आणि कर्म ते कर्मच. संस्कृतात शब्द आपली विभक्ती अंगावर लेऊन हिंडतो. इंग्रजीत नामाला ती लेणी बहुतेक उरलेली नाहीत. तेथे जागेवरून मान ठरतो. क्रियापदाच्या आधी बसेल तो कर्ता. पंगतीत पाट बदलला, की नातेच बदलावे, तसा हा प्रकार! हे एकदा उमगले, तेव्हा निम्मी भीती ओसरली.

शब्दसंग्रह मात्र तोकडाच होता. मराठीत आम्ही ‘ईश्वरेच्छा बलीयसी’, ‘कुटुंबाचा आधारवृक्ष कोसळला’ असे सहज लिहून गेलो असतो. इंग्रजीत ती सोय नव्हती. म्हणून लिहिले, ‘माझा भाऊ गेला. मी त्याच्याजवळ बसलो होतो. त्याने तुमचे पत्र आले का, असे दोनदा विचारले. माझी सर्व पत्रे तोच लिहीत असे, म्हणून उत्तरास उशीर झाला.’ पत्र पुरे झाल्यावर वहिनींनी ते मराठीत वाचून दाखविण्यास सांगितले. वाचता वाचता आम्हांस कळले, की ही चार वाक्ये आम्ही सहा महिन्यांत आपल्या भाषेत कोणाजवळही बोललो नव्हतो. वहिनींनी डोळ्यांस पदर लावला आणि म्हणाल्या, “असेच जाऊ द्या. यात काही घालू नका.”

शाळेत आम्ही पुष्कळ मुलांच्या वह्या तांबड्या केल्या. त्यांतील काहींनी पुढे लिहिणेच टाकले असेल, तर त्याचा दोष आमच्याकडेही येतो. शुद्ध लिहिणे हे खरेच. पण ते अशुद्ध लिहिण्याच्या पलीकडच्या तीरावर आहे, आणि मध्ये पूल नाही. वाचकांच्या घरी कोणी नवशिका भीत भीत चार ओळी लिहीत असेल, मग तो नातू असो वा आजोबा, त्याच्यापुढे शिसपेन्सिल घेऊन बसावे, एवढीच आमची विनंती.

पत्राच्या शेवटी एक ओळ राहिली होती. जूनचा दुसरा आठवडा होता आणि त्या दुपारी पाऊस लागला होता. आम्ही लिहिले, ‘पाऊस आला आहे.’ मग अडलो; पावसाच्या आधी ‘द’ लावावा की नाही? हे उपपद ना संस्कृतात, ना मराठीत. सूनबाई म्हणाली, “काका, जी गोष्ट लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते, तिला ‘द’ लावायचा.”

आम्ही ‘द’ लावला, आणि छत्री घेऊन टपालात पत्र टाकून आलो.