शामोनी : लांबत गेलेला जिना

फ्रेंच आल्प्समधल्या शामोनी गावातून लाल रंगाची एक छोटीशी आगगाडी डोंगर चढू लागते. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते. तिच्यात चाकाचे दाते अडकवत, झाडीतून वळणे घेत ही गाडी वीसेक मिनिटांत १,९१३ मीटर उंचीवरच्या मोंताव्हेर स्थानकात पोचते. १९०९ पासून तिचा हा क्रम चालू आहे. प्रवासी उतरतात, लगबगीने कठड्याशी जातात आणि खाली पाहून गप्प होतात. जुन्या चित्रांत पाहिलेला, लाटा उसळता उसळता गोठल्यासारखा दिसणारा ‘मेर द ग्लास’, म्हणजे बर्फाचा समुद्र, तिथे नसतोच. दिसते ती दगडगोट्यांची एक खोल, करडी घळ. बर्फ असतो, पण पार तळाशी, मातीधोंड्यांखाली दडलेला.

या हिमनदीच्या पोटात दरवर्षी एक गुहा कोरतात. १९८८ साली तिथे जाण्यासाठी रोपवेचा पाळणा बसवला, तेव्हा पाळण्यातून उतरून बर्फावर पाय ठेवायला अवघ्या तीन पायऱ्या पुरत. मग बर्फ खचत गेला आणि लोखंडी जिना लांबत गेला. २०२०च्या सुमारास पायऱ्या पाचशेवर गेल्या होत्या! जिन्याच्या कडेने पाट्या लावल्या होत्या : अमुक साली बर्फ इथपर्यंत होता. आपल्याकडे नदीकाठच्या गावांत पुराच्या खुणा भिंतीवर रंगवतात, तसाच हा प्रकार. फक्त ही खूण ओहोटीची.

एके काळी बर्फ नको होता

गंमत अशी, की शामोनीकरांच्या पूर्वजांना हाच बर्फ नको होता. सतराव्या शतकात थंडी वाढली, हिमनद्या पुढे सरकू लागल्या, शेते गिळू लागल्या. १६४४ साली घाबरलेल्या गावकऱ्यांनी थेट बिशपलाच बोलावले. तीनेकशे माणसांची मिरवणूक निघाली आणि बर्फाने मागे हटावे म्हणून बिशपने हिमनदीला प्रार्थनापूर्वक आशीर्वाद दिला. आज त्याच खोऱ्यात बर्फ टिकावा म्हणून लोक आभाळाकडे डोळे लावून बसतात.

गावाचे नशीब पालटले ते माँ ब्लाँमुळे. आपल्याकडे ‘माउंट ब्लँक’ म्हणून ओळखले जाणारे हे आल्प्समधले सर्वोच्च शिखर सुमारे ४,८०६ मीटर उंच आहे. १७६० साली जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर याने तिथे जाण्याची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, ८ ऑगस्ट १७८६ रोजी, डोंगरात स्फटिक शोधणारा झाक बाल्मा आणि गावचा डॉक्टर मिशेल पाकार हे दोघे शिखरावर पोचले. श्रेय मात्र बाल्माच्याच पदरात पडले. गावच्या चौकात सोस्यूरसोबत त्याचा पुतळा १८८७ पासून उभा आहे. डॉक्टरसाहेबांना पुतळ्यासाठी चढाईची द्विशताब्दी उजाडेपर्यंत थांबावे लागले. १८२१ साली इथल्या वाटाड्यांनी आपली संघटना स्थापन केली. ती आजही चालू आहे.

पण हे सारे उन्हाळ्याचे वैभव. हिवाळ्यात गाव दारे लावून बसे. १९०१ साली रेल्वे आली आणि त्याच सुमारास मिशेल पायो नावाचा इथला एक डॉक्टर बर्फातून रोग्यांच्या घरी जायला पायांना लाकडी पट्ट्या बांधू लागला. लोक आधी हसले, मग शिकले. १९२४च्या जानेवारीत तर सोळा देशांचे खेळाडू या गावात जमले. त्या स्पर्धांचे नाव तेव्हा नुसते ‘हिवाळी क्रीडा सप्ताह’ असे होते. पहिले हिवाळी ऑलिंपिक ही मान्यता त्यांना नंतर मिळाली. त्यात अकरा वर्षांची एक नॉर्वेजियन मुलगी स्केटिंगमध्ये शेवटची आली होती. तिचे नाव सोन्या हेनी. पुढच्या सलग तीन ऑलिंपिकची सुवर्णपदके तिनेच जिंकली.

१९५५ साली एग्वी द्यू मिदी या सुळक्यावर रोपवे पोचला आणि शामोनीचा खरा दिमाख सुरू झाला. गावातून निघून वीसेक मिनिटांत माणूस ३,८०० मीटरच्या आसपास जातो. तिथे दम लागतो, डोके गरगरते, पण समोरचा देखावा पाहून तक्रार कोणी करत नाही. तिथून ‘व्हाले ब्लाँश’, म्हणजे पांढरी दरी, ही स्कीची सुमारे वीस किलोमीटरची वाट सुटते. सुरुवातीलाच दोरीच्या आधाराने उतरायची अरुंद धार, पुढे भेगाळलेली हिमनदी. जाणती माणसे वाटाड्या घेतल्याशिवाय जात नाहीत. पूर्वी शेवटी घसरत थेट गाव गाठता येई. मग बर्फ कमी असला की थकलेले स्कीवाले स्की खांद्यावर टाकून तोच लांबत गेलेला जिना चढायचे आणि मोंताव्हेरची गाडी पकडायचे.

पडझडीची वर्षे

डोंगराने शामोनीला पुष्कळ दिले आणि तितक्याच कठोरपणे वसूलही केले. १९६१ साली एका लढाऊ विमानाने पांढऱ्या दरीवरच्या रोपवेची दोरी तोडली. सहा जण गेले. १९९९ हे साल तर गाव विसरूच शकत नाही. ९ फेब्रुवारीला मोंत्रोक वस्तीवर हिमकडा कोसळला आणि घरांत बसलेली बारा माणसे दगावली. सावरतात न सावरतात तोच २४ मार्चला इटलीकडे जाणाऱ्या ११.६ किलोमीटरच्या माँ ब्लाँ बोगद्यात मालट्रकला आग लागली. ती दोन दिवसांहून अधिक धुमसत राहिली. एकोणचाळीस बळी गेले. बोगदा तीन वर्षे बंद राहिला, तेव्हा खोऱ्याला ट्रकांच्या धुरापासून अवचित सुटका मिळाली. ते ट्रक परत येऊ नयेत म्हणून गावकऱ्यांनी निदर्शने केली. ट्रक आलेच.

अलीकडची संकटे अशी एका तारखेला येत नाहीत. खडकांच्या भेगांतला बर्फ चुन्यासारखा दगड सांधून धरतो. तोच वितळू लागला, तेव्हा २००५ साली द्र्यू सुळक्याचा ख्यातनाम बोनाती स्तंभ अख्खाच्या अख्खा ढासळला. खालच्या उतारांवर बर्फ कमी पडला की यंत्रातून पाणी आणि हवा फवारून तो तयार करतात. पण त्या यंत्रांनाही थंडी लागतेच! घरांचे तर विचारूच नका. निम्म्याहून अधिक घरे वर्षातले थोडे दिवस येणाऱ्यांची. मग रोपवे चालवणारा किंवा हॉटेलात चादरी बदलणारी राहणार कुठे? पुष्कळजण खोऱ्याच्या खालच्या गावांतून रोज ये-जा करतात.

तरी शामोनी हात टेकून बसलेले नाही. २०२४च्या फेब्रुवारीत मेर द ग्लासवर नवा पाळणा सुरू झाला. जुन्यापेक्षा वर, जिथे बर्फ अजून जाड आहे तिथे. गुहाही त्याच्यामागोमाग वर सरकली. बर्फ मागे हटला की आपण त्याच्या मागे जायचे, हा सध्याचा हिशेब.

बोसाँने परत केलेले

या गावाशी भारताचे एक दुःखद नाते आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान माँ ब्लाँवर आदळले. ४८ जण मृत्युमुखी पडले, त्यात बहुतेक भारतीय खलाशी होते. शोधासाठी चढलेला शामोनीचा वाटाड्या रेने पायो याचाही त्या मोहिमेत बळी गेला. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, त्याच डोंगरावर एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ कोसळले. ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते. व्हिएन्नाच्या बैठकीला निघाले होते.

अवशेष बर्फाने पोटात घेतले आणि बोसाँ हिमनदी ते हळूहळू खाली आणत राहिली. बर्फ वितळू लागला तशी ती एकेक वस्तू परत करू लागली. २०१२ साली टपालाची पिशवी मिळाली. २०१३ साली एका गिर्यारोहकाला पाचू-नीलमांची डबी सापडली. ती त्याने मुकाट्याने पोलिसांच्या हवाली केली. वारस मिळाले नाहीत, तेव्हा २०२१ साली निम्मी रत्ने त्याला आणि निम्मी गावाला मिळाली.

२०२० च्या जुलैत हिमनदीजवळ उपाहारगृह चालवणाऱ्या एकाला भारतीय वर्तमानपत्रांची ओली चळत सापडली. त्याने ती उलगडून वाळत घातली. चौपन्न वर्षांनंतरही अक्षरे वाचता येत होती. त्यातल्या ‘नॅशनल हेराल्ड’च्या पहिल्या पानावर, देशाला पहिल्या महिला पंतप्रधान मिळाल्याची बातमी होती.