आवाजाची काटछाट

मनुष्यास आपलें तोंड पाहण्याची सोय फार प्राचीन काळापासून आहे. आरसा नव्हता तेव्हां विहिरीचें पाणी होतें. परंतु आपला आवाज दुसऱ्याच्या कानांनीं ऐकण्याची सोय मात्र १८७७ सालीं एडिसनचा फोनोग्राफ निघेपर्यंत राजालाही नव्हती. ही सोय झाल्यापासून ज्यानें ज्यानें आपला आवाज प्रथम ऐकला, त्यानें त्यानें बहुधा एकच उद्गार काढला असेल: "हा मी नव्हे!" कारण साधें आहे. बोलतांना आपला आवाज आपणांस दोन वाटांनीं पोंचतो. एक वाट हवेची आणि दुसरी कवटीच्या हाडांची. हाडांची वाट खर्जाला अनुकूल असल्यामुळें आपण स्वतःला जरा भारदस्त ऐकूं येतों. यंत्राला हवेचीच वाट ठाऊक. तें हा भारदस्तपणा काढून घेतें. प्राध्यापकाच्या धंद्यांतील माणसास हा धक्का थोडा अधिक बसतो, हें वाचकांस सांगावयास नकोच.

या विद्येशीं आमचा संबंध आला तो २०२० च्या मार्च महिन्यानंतर. वर्ग बंद झाले, आणि व्याख्यानें ध्वनिमुद्रित करून विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर पाठविण्याचा प्रसंग आला. एका विद्यार्थ्यानें आमच्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी नांवाचें सॉफ्टवेअर बसवून दिलें. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक माझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनीं त्याचा आरंभ केला, आणि २००० सालीं तें लोकांच्या हातीं पडलें. तें फुकट मिळतें, आणि नवशिक्यानें हात घालावा इतकें सोपें आहे. तांबडें बटण दाबून बोलावें. पडद्यावर निळी नक्षी उमटत जाते. मोठ्यानें बोललों कीं डोंगर, हळू बोललों कीं टेकडी, गप्प बसलों कीं सरळ रेघ. आंत मात्र यंत्र सामान्यतः सेकंदास ४४,१०० वेळां त्या लहरीचें माप घेऊन आंकडा लिहून ठेवीत असतें. म्हणजे आवाज हा एक हिशेब झाला. आणि हिशेब म्हटला कीं खाडाखोड आलीच!

पूर्वीं ही खाडाखोड मोठी कष्टाची होती. चुंबकीय फीत पात्यानें कापावी, नको तो तुकडा फेंकून द्यावा, आणि उरलेलीं टोंकें चिकटवावींत. आतां नको तो भाग रंगवून एक कळ दाबली कीं काम झालें. आणि मन बदललें तर 'अन्डू' म्हणावें, गेलेलें परत येतें. आमचें खाकरणें गेलें. 'अं' गेले. दर वाक्यास टेंकू देणारें 'म्हणजे' गेलें. चाळीस मिनिटांचें व्याख्यान बत्तीस मिनिटांवर आलें, आणि विद्वत्तेंत कांहींच उणें झालें नाहीं, हें पाहून आमची करमणूकही झाली.

परंतु हींच हत्यारें घेऊन आम्ही आमच्या आत्याबाईंच्या बोलण्याकडे वळलों, तेव्हां प्रश्न निराळा झाला. आत्याबाईंचें वय ऐंशीच्या पुढें आहे. माहेर पारोळ्याचें, सासर पारोळ्याचें, आणि बोलणें अस्सल अहिराणी. १९७२ च्या दुष्काळांत त्यांनीं खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्या दिवसांची हकीकत त्यांच्याच तोंडून टिपून ठेवावी, असें फार दिवस आमच्या मनांत होतें. एका दुपारीं त्यांच्या ओट्यालगतच्या खोलींत माईक ठेवला आणि पाऊण तास त्या बोलल्या. पंखा घरघरत होता, शेजारीं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि धुळ्याहून जळगांवकडे जाणाऱ्या महामार्गावरील मालमोटारींचे भोंगे अधूनमधून येत होते.

तें ऐकून आमच्या त्या विद्यार्थ्यानें तीन सूचना केल्या, आणि तिन्ही चांगल्या हेतूनें केल्या. पहिली पंख्याविषयीं. कोणी बोलत नसतांनाची नुसती घरघर यंत्रास ऐकवावी, म्हणजे तें तिची ओळख धरतें व साऱ्या फाईलींतून ती वजा करतें. एका प्रतीवर आम्हीं हा प्रयोग करून पाहिला. थोड्या प्रमाणांत तो उत्तम वठतो. प्रमाण वाढविलें कीं आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. 'स' आणि 'श' हे मुळांत फुसफुसणारे वर्ण, त्यांनाही यंत्र गोंगाट समजूं लागतें.

दुसरी सूचना शांततेविषयीं. त्या दुष्काळांत दगावलेल्या एका सोबतिणीचें नांव घेण्यापूर्वीं आत्याबाई थांबल्या आहेत. पडद्यावर तेथें अकरा सेकंदांची जवळजवळ सरळ रेघ दिसते. लांबलेली शांतता आपोआप आंखडण्याची सोय या सॉफ्टवेअरमध्यें आहे. "सर, इतका वेळ कोण ऐकणार? काढून टाकूं?" असें त्यानें विचारलें. त्या अकरा सेकंदांत शब्द नाहीं हें खरें; पण हकीकत आहे.

तिसरी सूचना सर्वांत नाजूक होती. आमच्या बोलींत 'ळ' चा 'य' होतो. डोळा तो डोया, जळगांव तें जयगांव, आणि आमचें गांव पारोया. "आत्याबाईंकडून एकदां 'पारोळा' म्हणवून घेऊं, तेवढा तुकडा जोडतां येईल," असें तो म्हणाला. जोडतां येईल यांत शंका नाहीं. पांच मिनिटांचें काम. पण तें ऐकून आम्हांस आमच्याच गळ्याची आठवण झाली. तेथील 'य' चा 'ळ' कोणत्याही सॉफ्टवेअरनें केलेला नाहीं. आधीं तो शाळेंत झाला, मग पुण्याच्या वसतिगृहांत सोबत्यांच्या हंसण्यानें पक्का झाला, आणि त्यावर इंग्रजीच्या पदवीनें मोहर उठविली. आज आम्ही अहिराणी बोलूं गेलों तर ती पाहुण्यासारखी दारांत उभी राहते. या काटछाटीस 'अन्डू' नाहीं.

म्हणून आम्हीं एक नियम बांधला: खोलीनें घातलेलें काढावें, माणसानें घातलेलें ठेवावें. पंखा खोलीचा, श्वास, अडखळणें, थांबणें आणि 'पारोया' हीं आत्याबाईंचीं.

हा नियम वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. पारोळ्याचा भुईकोट १७२७ सालचा. त्याचे दगड आजही हात लावून पाहतां येतात. त्या दगडांखालीं काय बोललें गेलें तें कोण सांगणार? ग्रीअर्सन यांनीं आपल्या भाषा-पाहणीच्या नवव्या खंडांत १९०७ सालीं खानदेशी बोलीची नोंद भिल्ल भाषांबरोबर केली. काम मोठें, पण कागदावरचें. गौहरजान यांचें गाणें १९०२ सालींच कलकत्त्यास तबकडीवर चढलें होतें. अहिराणीच्या शेजारच्या बोलींत गाणीं रचणाऱ्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ सालीं वारल्या, आणि त्यांचीं गाणीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. तीं आपण वाचतों. पण कोणता शब्द त्या लांबवीत, कोठें दम घेत, हें पुस्तक सांगत नाहीं. ज्याचा आवाज बाजारांत विकला जाई त्याच्यापुढें यंत्र जाई. जात्यापुढें तें क्वचितच येऊन बसे. पुढें हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि कित्येक ओव्या गाणारणींच्या स्वरांतच मुद्रित झाल्या, हें आमच्या भाषेचें भाग्य. आतां तर तें यंत्र घरोघरीं, प्रत्येकाच्या खिशांत आहे. अडचण यंत्राची राहिली नाहीं. काय ठेवावें हें कळण्याची आहे.

आम्हीं आत्याबाईंच्या दोन फाईली केल्या. एकींत पंखा थोडा कमी केला आहे. दुसरी, मूळची, जशीच्या तशी, भोंग्यांसह. दोहोंच्या नांवांत तारीख, गांव आणि बोली लिहिली. ठेवण्यापूर्वीं आत्याबाईंस कानाला लावून ऐकविली व त्यांची परवानगी घेतली. त्यांनींही पहिल्यानें सर्वांप्रमाणेंच विचारलें: "मन्हा आवाज असा शे का रे, भाऊ?" मग ती थांबण्याची जागा आली तेव्हां त्या पुन्हां गप्प झाल्या, आणि ती संपेपर्यंत त्यांनीं कानावरचें काढलें नाहीं.

वाचकांच्या घरींही असा एखादा आवाज असेल. तो टिपून घ्यावा. आणि टिपल्यावर कात्री हातीं घेण्याची घाई करूं नये.