मरळ

मोठी मरळ ताकदीनं नाही, सबुरीनं मिळते, असं आमचे मामू म्हणायचे. जळगावचा मेहरूण तलाव असो की धुळ्याचा नकाणे, त्यांची रीत एकच. मरळ हवेतही श्वास घेते, म्हणून तिला थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं. बेशरमाच्या झुडपांलगत वलय उठलं की जागा कळते. गळ वलयावर टाकायचा नाही. दोन-तीन हात पलीकडं टाकून तिच्या समोरून हळूहळू ओढायचा. तिनं आमिष धरलं की आधी ढील द्यायची, मग एकच जोरदार झटका. तोंड हाडांचं, हलक्या हातानं गळ रुतत नाही. दोरा गवतात गुंतला तर मासा गेलाच.

आमिष बेडकाचं सगळ्यांत चांगलं. पण हदीसमध्ये बेडूक मारायला मनाई आहे, म्हणून मामू मेलेली लहान मासळी लावत. आता रबराचे बेडूक मिळतात, तो प्रश्न मिटला.

दुसरा प्रश्न मिटलेला नाही. पावसाळ्यात मरळीच्या लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसतो. खाली आई-बाप पहारा देत असतात. थव्यात काहीही टाका, ते भुकेनं नाही, रागानं झडप घालतात. मोठी मरळ काढण्याची याहून सोपी युक्ती नाही. मागं राहिलेली पिल्लं मग दुसरे मासे आणि बगळे संपवतात.

अमेरिकेत बास नावाच्या माशाचं असंच वेड आहे. जॉर्जियात 1932 साली साधारण 10 किलोचा बास मिळाला. त्या विक्रमाची बरोबरी 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात झाली. या माशाचा नरही घरटं राखतो, आणि राखणीवरच्या नराला गळ लावावा की नाही, यावर तिकडंही वाद आहे.

मामूंचा हुकूम साफ होता, "बच्चेवाली को मत छेड." मासळीला जबह लागत नाही, म्हणून ती कधी मारायची, याचा विचार आपणच करायचा, असं मला वाटतं. ज्यांची चूल मासळीवर पेटते, त्या भोयांना मी काय शिकवणार? पण वर्गातली पोरं हौसेनं गळ टाकतात. पावसाळ्यात कुणी मोबाइलवर मोठ्या मरळीचा फोटो दाखवला, तर मी वजन विचारत नाही. पाण्यावर पिल्लं होती का, एवढंच विचारतो. पोरं खाली बघतात. काही जण पुढच्या वेळी स्वतःहून सांगतात, "सर, पिल्लं होती, आम्ही जागा बदलली."