सुरगाण्याच्या पडवीत

आवणीच्या दिवसांत सुरगाण्याला जाण्याचा योग आला. वणी, बोरगाव मागे पडले की रस्ता डोंगरात शिरतो. गुजरातची हद्द इथून जवळच. १९४८ पर्यंत हे लहानसे संस्थान होते. आता तालुक्याचे गाव. उतारावर नागली, वरई आणि खाली खाचरांतून भात.

आमचे स्नेही पाड्यावर राहतात. पाऊस थांबेना, म्हणून पडवीतच बसलो. त्यांची सातवीतली मुलगी गणित सोडवीत होती : ३ माणसे एका खाचराची आवणी ४ दिवसांत करतात, तर ६ माणसे किती दिवसांत करतील? तिने झटकन ८ लिहिले. मग पेन्सिल थांबली. घरच्या कोकणा बोलीत ती स्वतःशीच पुटपुटू लागली. माणसे वाढली, मग दिवस कसे वाढतील? उलट लवकर उरकेल की! आठ खोडून तिने २ केले.

तेवढ्यात वडील म्हणाले, "अगं, बडबड कशाला? मनात कर. वर्गात हसतील."

मुलगी गप्प झाली आणि पुढच्या गणिताला अडली. मला माझी शाळा आठवली. पुटपुटलो की हातावर पट्टी बसे. पाढे पाठ झाले, पण व्यस्त प्रमाण कळायला मला शेतीच करावी लागली!

"भाऊ, बोलू द्या तिला," मी म्हणालो आणि वाचलेले सांगितले. अमेरिकेत मिशेलीन ची या बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी तपासले. सोडवून दाखवलेले उदाहरण वाचताना 'ही पायरी का घेतली?' हे जे स्वतःला समजावीत, ते पुढची गणिते अधिक चांगली सोडवीत. १९९४ मध्ये त्यांनी आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणाचा धडा दिला. काहींना ओळीओळीला अर्थ स्वतःशी सांगायला लावले. तोच धडा नुसता दोनदा वाचणाऱ्यांपेक्षा त्यांना तो जास्त उमगला. घोकंपट्टीने मात्र हे साधत नाही. तिथे तोंड चालते, कारण कोणी विचारीत नाही.

भाऊंची खरी काळजी निराळीच होती. "ती बोलते आपल्या बोलीत. परीक्षा पुस्तकातल्या मराठीत."

"उत्तर पुस्तकाच्या भाषेत लिहील. विचार घरच्या भाषेत करू द्या."

चुलीपुढून वहिनी म्हणाल्या, "आवणीला माणसं किती सांगायची, ते मीही असंच तोंडानं मोजते!"

भाऊ हसले. मुलीने वही पुन्हा पुढे ओढली आणि अडलेले गणित हळूच वाचले. मग आईला विचारले, "आये, हौद म्हणजे काय?"