गोदावरीचे सुटे भाग

आमच्या तलवाड्याहून समुद्र पाहावयाचा तर त्वरिता देवीची टेकडी चढून भागत नाही. थेट मुंबईच गाठावी लागते. पण गेवराई तालुक्याच्या उत्तर कडेने गोदावरी वाहते, आणि तिच्या नावाची एक युद्धनौका आहे हे कळल्यापासून त्या नौकेवर जणू आमचीच मालकी होती. माझा मावसभाऊ अण्णा तिच्या बॉयलरखोलीत होता, हे मालकीचे जादा कारण!

'गोदावरी' माझगाव गोदीत बांधली गेली आणि १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात दाखल झाली. मागून 'गंगा' आणि 'गोमती' या बहिणी आल्या. (हा 'ग'चा अनुप्रास कोणा रसिकाला सुचला, कोण जाणे!) मूळ आराखडा ब्रिटिश 'लिअँडर' फ्रिगेटचा. आपल्या आरेखकांनी तो ऐसपैस केला, वाफेची यंत्रे तशीच ठेवली, आणि वर रशियन क्षेपणास्त्रे नि दोन ब्रिटिश सी किंग हेलिकॉप्टरे बसविली. म्हणजे सासर एकीकडचे, माहेर दुसरीकडचे. खाली इंचांचे नट, वर मिलिमीटरचे. विजेचा दाबही दोघांचा निराळा. अण्णा म्हणे, "पान्यांच्या दोन पेट्या, आणि हात चुकून हमखास नको त्याच पेटीत!"

नोव्हेंबर १९८८. दिवाळी तोंडावर आली होती. मालदीवमध्ये बंड करून फसलेले भाडोत्री सैनिक ओलीस घेऊन 'प्रोग्रेस लाइट' या जहाजातून पळाले, आणि 'गोदावरी' त्यांच्या पाठलागावर निघाली. मी तेव्हा अकरा वर्षांचा. मावशीने करंज्यांचे पीठ तसेच झाकून ठेवले आणि रेडिओपाशी बसून राहिली. बंडखोर पकडले गेल्याचे ऐकल्यावर ती आधी टेकडी चढून आली, मग कढई चढली. पुढे अण्णा रजेवर आला तेव्हा आम्ही पोरांनी लढाईची गोष्ट मागितली. तो म्हणाला, "मी काय पाहिलं? दाबाचा काटा. एक व्हॉल्व्ह फुसफुसत होता. जोडीचा सुटा शिल्लक नव्हता. त्याच्याकडे बघत होतो." आम्ही फार हिरमुसलो. आज मात्र मला सबंध हकीकतीत तो व्हॉल्व्हच आठवतो.

१९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. क्षेपणास्त्रांचे भाग करणारे कारखाने एका रात्रीत रशिया, युक्रेन अशा निरनिराळ्या देशांत जाऊन पडले. इकडे ब्रिटिशांनी १९९३ पर्यंत आपल्या 'लिअँडर' सेवेतून काढल्या. सासर आणि माहेर दोन्ही तुटले म्हणा ना! जे मिळेना ते इथेच घडवायचे, नाहीतर दुरुस्तीला उभ्या असलेल्या बहिणीकडून उसने आणायचे; एवढ्यावर 'गोदावरी' २३ डिसेंबर २०१५ पर्यंत चालली. आकडा बत्तीस वर्षांचा आहे. आमच्या घरची शिवणयंत्रेसुद्धा इतकी टिकलेली नाहीत.

धाकटी 'गोमती' २०२२ च्या मे महिन्यात निवृत्त झाली. लखनौला गोमतीकाठी तिच्या अवशेषांचे खुले संग्रहालय करावे, असे तेव्हा ठरले. ती बातमी वाचून मी अण्णाला म्हटले, "आपल्या राक्षसभुवनच्या घाटावरही गोदावरीचं एखादं यंत्र हवं होतं."

तो अंगणात मोटारपंप खोलून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "पोरं नट काढून नेतील रे." जरा थांबून पुढे म्हणाला, "पण पाना इंचाचा लागेल. तो माझ्याकडे यावं लागेल मागायला."