नदीपेक्षा हळू

होडीत बसायचं नाही, हे मी पोर्टलंडहून निघतानाच ठरवलं होतं. काठावरून बघायचं, फोटो काढायचे, मित्राचं मन राखायचं आणि संध्याकाळी परत. हा मित्र माझ्याच टीममधला. गेली दोन वर्षं तो गॅरेजमध्ये लाकडी होडी बांधतोय. कधीही विचारा, ‘नव्वद टक्के झाली’ म्हणतो. सॉफ्टवेअरवाल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

ऑरेगनमध्ये मॅकेंझी नावाची नदी आहे. कॅस्केड डोंगरातल्या क्लिअर लेकमधून निघते, सुमारे १४५ किलोमीटर वाहते आणि यूजीन शहराजवळ विलामेट नदीला मिळते. वाटेत व्हिडा नावाचं छोटंसं गाव लागतं. वसंतात तिथे लाकडी ड्रिफ्ट बोटवाल्यांचा मेळावा भरतो. स्टेज नाही, भाषणं नाहीत. हिरवळीवर ट्रेलर, ट्रेलरवर होड्या आणि हवेत व्हार्निशचा वास. माणसं एकमेकांच्या होड्यांखाली वाकून बघतात, कडेवरून हात फिरवतात. हे लाकूड कुठलं, डग्लस फर की पोर्ट ऑर्फर्ड सीडर? वल्ही कोणी घडवली? मला खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैलाच्या पाठीवरून हात फिरवणारे शेतकरी आठवले. विकत घ्यायचं नसलं तरी हात फिरवायचाच.

या होडीचा तळ सपाट असतो, पण पुढची-मागची टोकं वर उचललेली. बाजूने बघितलं तर चंद्रकोर. खाली कणा नसल्यामुळे ती थोड्याशा पाण्यातही तरते आणि वल्ह्याच्या एका फटक्यात जागच्या जागी वळते. हा आकार कुणा एका डोक्यातून निघालेला नाही. सुरुवातीच्या होड्या जाड फळ्यांच्या आणि जड. १९२० च्या दशकात मासेमारीचं वेड असलेल्या वेल्टी प्रुइट नावाच्या धर्मोपदेशकाने हलकी होडी बांधली. नॉर्वेहून आलेल्या टॉम कारहसने पुढे फळ्या सोडून प्लायवूड घेतलं. मग वूडी हिंडमनने दोन्ही टोकं निमुळती केली, आणखी फेरफार केले. रॉजर फ्लेचर यांच्या पुस्तकात अशा जुन्या होड्यांची मापं आहेत. मित्राची होडी त्यातूनच उतरतेय. थोडक्यात, शंभर वर्षांचा ओपन सोर्स प्रोजेक्ट, आणि प्रत्येक बगमागे एक फुटलेली होडी.

हे सगळं मी काठावर उभी राहून ऐकत होते. पाण्याकडे पाठ करून.

मी सांगलीची. आमचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आई आणि मी गच्चीवरून बोटीत उतरलो. बाबा म्हणाले, ‘मी थांबतो. वरच्या मजल्यावर काय होत नाही.’ बोट निघाली तेव्हा माझं तोंड घराकडे होतं. बाबा हात हलवत होते, लहान लहान होत होते. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि कितीतरी माणसं गेली. आमची बोट नीट काठाला लागली. बाबाही पाचव्या दिवशी नीट सापडले. पण त्यानंतर मी होडीत बसले नाही.

आता मी अमेरिकेत आहे आणि माझ्या लॅपटॉपवर एक स्क्रिप्ट आहे. जून ते सप्टेंबर ती दर अर्ध्या तासाला आयर्विन पुलाची पातळी आणि कोयनेचा विसर्ग गोळा करते. आकडा वाढला की फोन वाजतो. मग मी बाबांना फोन करते, ‘पाणी वाढतंय.’ बाबा म्हणतात, ‘माहीत आहे की. आत्ताच पुलावर जाऊन आलो.’ मी म्हणते, घर विका. ते म्हणतात, तू जेवलीस का. गेल्या पावसाळ्यात हे भांडण इतकं वाढलं, की त्यानंतर आम्ही फक्त हवापाण्याचं बोलतो. आमच्यात हवापाणी हाच भांडणाचा विषय आहे, ही त्यातली गंमत.

मेळाव्यात एका हिरव्या होडीशेजारी एक आजोबा बसले होते. होडी देखणी नव्हती. व्हार्निश उडालेलं, एका कडेला ठिगळ. तरी लोक तिच्यापाशीच जास्त रेंगाळत होते. मित्राने कारण सांगितलं. ७ सप्टेंबर २०२० च्या रात्री या खोऱ्यात हॉलिडे फार्म फायर पेटली. जोरदार वाऱ्याने आग नदीच्या दिशेनेच खाली आली. १ लाख ७३ हजार एकर जळालं, शेकडो घरं गेली, वरचं ब्लू रिव्हर गाव जवळपास संपलं. आजोबांचं घर राख झालं. होडी तेवढी उरली.

मी म्हटलं, ‘इतक्या गडबडीत तुम्ही होडी वाचवलीत?’

ते हसले. ‘वाचवली वगैरे काही नाही. दिवसभर मासे धरून आलो होतो, आळसाने ट्रेलर गाडीपासून सोडवला नव्हता. जोडलेला होता म्हणून आला.’ थोडं थांबून म्हणाले, ‘आता मी तो मुद्दाम जोडलेला ठेवतो.’

मग त्यांनी विचारलं, नदीवर येतेस का. मी भीतीचं सांगून टाकलं, पुरासकट. समजावत बसले नाहीत. म्हणाले, ‘मग पुढच्या सीटवर बस. मागे बसलं की नुसता आवाज येतो. पुढून दिसतं.’

लाइफ जॅकेटचे पट्टे मी तीनदा तपासले. होडी पाण्यात गेली. पाणी हिरवट, बर्फासारखं गार आणि तळातले गोटे मोजता येतील इतकं नितळ. आजोबा मधे बसून वल्ही मारत होते. बऱ्याच होड्यांमध्ये वल्हवणाऱ्याची पाठ प्रवासाच्या दिशेला असते. इथे उलटं. त्यांचं तोंड पुढे, धारेच्या दिशेला, आणि ती वल्ही मात्र स्वतःकडे ओढत होते, म्हणजे होडी मागे खेचत होते. प्रवाह पुढे नेतोय, माणूस मागे ओढतोय. मला वाटलं, उगाच शक्ती घालवतायत.

पुढे खळाळ दिसला. मधोमध काळा खडक, त्याच्यावर आपटून पांढरं होणारं पाणी. आणि त्यांनी होडीचं नाक सरळ त्या खडकाकडेच वळवलं. मी सीटची कड घट्ट धरली.

‘चुकवायचं असेल त्याच्याकडे तोंड करायचं,’ मागून आवाज आला, ‘आणि तिरकं मागे ओढायचं.’

चार-पाच लांब, शांत फटके. होडीचा वेग नदीपेक्षा कमी झाला. पाणी आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे पळत होतं, आम्ही त्याच्यामागून सावकाश कडेला सरकत होतो. खडक डावीकडून गेला. हात लांबवला असता तर लागला असता. मी डोळे मिटले नव्हते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

‘नदी थांबवता येत नाही,’ ते म्हणाले. ‘तिच्यापेक्षा हळू गेलं की विचाराला वेळ मिळतो. पण ओढायला लवकर सुरुवात करायची. खडक जवळ आल्यावर कितीही जोर लावला तरी उपयोग नाही.’

संध्याकाळी पार्किंगमध्ये बसून मी बाबांना फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात, चहाची वेळ. घर विका असं मी म्हणाले नाही. विचारलं, ‘बाबा, किती फुटांना निघाल?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे आकडा सांगा. आत्ता एप्रिल आहे, पाणी नाहीये. आत्ताच सांगा.’

बराच वेळ गेला. मग म्हणाले, ‘आपल्या गल्लीत ४४ला येतं. ४३.’

‘इशाऱ्याची पातळी ४० आहे.’

‘४० ला काय होतंय गं? चाळीस तर नेहमीच—’

‘४० ला रिक्षा मिळते. ४३ ला बोट लागते.’

तिकडून कप ठेवल्याचा आवाज आला. ‘बरं,’ बाबा म्हणाले, ‘४० ला मिरजेला तुझ्या आत्याकडे. पण पाणी उतरलं की त्याच दिवशी परत.’

‘परत. आणि जूनपासून एक बॅग भरून दाराशी. घराची कागदपत्रं, बीपीच्या गोळ्या, चार्जर.’

‘बॅग कशाला आत्तापासून?’

मी त्यांना ट्रेलरची गोष्ट सांगितली. होडीत बसले हेही सांगितलं. ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

घरी आल्यावर स्क्रिप्ट उघडली. तिच्यात ४५ हा आकडा होता, धोक्याची पातळी. तो खोडून ४० केला. अलर्टच्या यादीत माझ्या नंबराखाली बाबांचा नंबर टाकला. त्यांना अलर्टची गरज नाही, ते पुलावर जाऊन येतीलच. पण या वर्षी आम्हा दोघांचे फोन एकाच वेळी वाजतील.